आयर्विन पुलाचा आकडा आणि घराचा भाव

सांगलीत घर पाहायला आलेला माणूस उंबरठ्याच्या आत येण्यापूर्वीच विचारतो, "पाणी येतं का?" आणि तो कृष्णेच्या पुराबद्दल बोलतो आहे, हे विकणाऱ्याला लगेच कळते. गेल्या काही वर्षांत मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे. गावभागातले आमचे वडिलोपार्जित घर आम्ही भावंडांनी विकले आणि त्याच सुमारास आईला घेऊन राहण्यासाठी मी विश्रामबागेत फ्लॅट घेतला. या दोन्ही व्यवहारांत एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. ज्या प्रश्नावर घराचा भाव लाखांनी खालीवर होतो, तो प्रश्न तोंडी विचारला जातो, त्याचे उत्तर तोंडीच दिले जाते, आणि व्यवहाराच्या एवढ्या जाडजूड कागदांत त्याचा एका ओळीनेही उल्लेख नसतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून पाच लाखांच्या आसपास वस्तीची ही महापालिका १९९८ साली झाली. सांगलीचे जुने गाव कृष्णेच्या काठावर आहे आणि नदीची पातळी आम्ही आयर्विन पुलावर मोजतो. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ साली हा आकडा ५३ फुटांच्या पुढे गेला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही पुढे, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. पाऊस लागला, कोयनेतून विसर्ग वाढला की घरोघरी पुलाचा आकडाच विचारला जातो. इशारा पातळीच्या आसपासच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांतली पहिली घरे रिकामी करावी लागतात, आणि पुढे फुटाफुटाने नदी एकेक गल्ली घेत जाते.

म्हणजे सांगलीच्या सखल भागातल्या प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा आहे: पुलावर इतके फूट झाले की आमच्या जोत्याला पाणी लागते. आमच्या घराचा आकडा बावन्न. २००५ मध्ये आमच्याकडे गुडघ्यापर्यंत पाणी होते, २०२१ मध्ये कमरेपर्यंत, आणि २०१९ मध्ये साडेपाच फूट. पुलाच्या त्या त्या वेळच्या आकड्यातून घरातल्या पाण्याची उंची वजा केली, तर तिन्ही वेळा उत्तर साधारण तेच येते. सगळीकडे हिशेब इतका सरळ जुळत नाही, कारण नदीपासून दूरच्या भागांत पाणी नाल्यांतून उलटे चढते आणि ते उशिरा येऊन उशिरा ओसरते. तरीही गल्लीतल्या जुन्या माणसांना आपापला आकडा माहीत असतो. घर घेणाऱ्याने दलालाला "पाणी येतं का" असे विचारण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन घरांत जाऊन "पुलावर किती फूट झाले की तुमच्याकडे येतं" असे विचारावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्या प्रश्नाला "नाही हो, तसं काही नाही" असे उत्तर देता येते. दुसऱ्याला आकडाच द्यावा लागतो.

या आकड्याने शहराचा नकाशा बदलला आहे. विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी आणि पुढे मिरजेकडचा भाग उंचावर आहे. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला गेले, त्यापाठोपाठ वर्दळ गेली, आणि प्रत्येक पुरानंतर गावभाग, खणभागातली ऐपतदार कुटुंबे पूर्वेकडे सरकत गेली. त्यांच्या जोडीला तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, जत आणि कवठेमहांकाळकडून मुलांच्या शिक्षणासाठी येणारे पालक, परराज्यांत गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, व्यवसाय करून गावाकडे पैसा आणणारी खानापूर-आटपाडीकडची माणसे, निवृत्तीनंतर पुण्याहून परतणारे नोकरदार हे सगळे त्याच उंच भागात घर शोधतात. साहजिकच तिथला भाव चढतो. उलट, जुन्या पेठांत भिंतीला भिंत लागून उभी असलेली, बाजारपेठ, देऊळ, दवाखाना सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असणारी घरे वर्षानुवर्षे गिऱ्हाईकाची वाट पाहत राहतात. गणपती मंदिरापासून दहा मिनिटांवरचे घर राहण्याच्या सोयीने पाहिले, तर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीतल्या फ्लॅटपेक्षा मला कितीतरी सरस वाटते. पण बाजार सोयीची किंमत करण्याआधी पाण्याची किंमत करतो, आणि ते चूक आहे असे मी म्हणणार नाही.

चूक आहे ती विसरण्यात. पुरानंतरच्या पहिल्या वर्षी सखल भागातल्या घराकडे कोणी फिरकत नाही आणि घाबरलेली माणसे मिळेल त्या भावाला विकून मोकळी होतात. मग दोन-तीन पावसाळे कोरडे जातात, भिंतींना नवा रंग लागतो, "आता धरणांचं नियोजन सुधारलंय", "पूर वळवण्याची योजना मंजूर झालीय" अशा बातम्या दलालांच्या तोंडी येतात, आणि भाव पुन्हा जवळपास जुन्या जागी जातो. २००५ नंतर हेच झाले. त्या पुरात हरिपूर-सांगलवाडी भागातल्या पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत, साठवलेली हळद मोठ्या प्रमाणात खराब झाली. पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित मानलेली ती जमीन होती. तेव्हाच शहराने धडा घ्यायला हवा होता, पण पुढच्या चौदा वर्षांत नाले आणि ओत (पाणी साठणाऱ्या सखल जागा) बुजवून बांधकामे होत राहिली आणि २०१९ साली त्याच बांधकामांत राहणारी माणसे गच्चीवर अडकली. ज्याने २०१७-१८ साली तिथे घर घेतले असेल, त्याला कोणी खोटे सांगितले असेलच असे नाही. कदाचित त्याला कोणी काहीच सांगितले नसेल.

म्हणून घर पाहताना डोळे उघडे ठेवावे लागतात. पुराचे पाणी ओसरले, तरी भिंत ते सहजासहजी विसरत नाही. खालच्या चार-पाच फुटांचे प्लॅस्टर वरच्यापेक्षा वेगळे, जास्त गुळगुळीत किंवा जास्त ताजे दिसले, हॉलमध्ये विनाकारण छातीच्या उंचीपर्यंत टाइल्स लावलेल्या दिसल्या, कोपऱ्यात लोणा फुटून रंगाचे पोपडे सुटताना दिसले, तर विचारावे. जुन्या घरात दारांच्या चौकटी सागवानी आणि फळ्या मात्र नव्या प्लॅस्टिकच्या असतील, तर लाकडी दारे फुगून निकामी झाली असण्याची शक्यता मोठी असते. विजेचे बोर्ड नेहमीपेक्षा वर बसवलेले असतील, तर घरमालक शहाणा आहे आणि त्याने पाणी पाहिलेले आहे, असे दोन्ही निष्कर्ष काढावेत. माझ्या दृष्टीने वर बसवलेला बोर्ड हा त्या घराचा गुण आहे. तो पाहून मागे फिरण्याऐवजी त्याबद्दल मोकळेपणाने बोलावे. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे. उन्हाळ्यात शामरावनगरचा रस्ता इतर कोणत्याही रस्त्यासारखाच दिसतो. तिथल्या काळ्या मातीत आणि अपुऱ्या निचऱ्यात नदीला पूर नसतानाही पावसाचे पाणी किती दिवस साचून राहते, हे पावसाळ्यातच कळते.

फ्लॅटच्या बाबतीत लोकांची मोठी फसगत "पाणी फक्त पार्किंगमध्ये येतं" या वाक्याने होते. हे वाक्य बहुतेक वेळा खरेच असते आणि म्हणूनच ते ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण पार्किंगमध्ये काय काय असते, ते मोजून पाहावे. विजेच्या मीटरचे पॅनेल तिथे असते, लिफ्टचा खड्डा तिथे असतो, पाणी वर चढवणारी मोटर तिथे असते आणि जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकीही तिथेच असते. पुराचे पाणी त्या टाकीत गेले की गाळ आणि मैला तिच्यात शिरतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या घरातल्या माणसालाही पिण्याचे पाणी उरत नाही. मीटर बुडण्याआधीच वीज बंद करावी लागते. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे अडकतात. आमच्या नात्यातल्या एका आजींना २०१९ साली खुर्चीवर बसवून जिन्याने उतरवावे लागले आणि मग बोटीत बसवावे लागले. म्हणून इमारत पाहताना मीटरचे पॅनेल किती उंचीवर आहे, टाकीचे झाकण जमिनीलगत आहे की वर उचललेले, आणि इमारतीपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा पट्टा कोणत्या आकड्याला बंद होतो, या तीन गोष्टी फ्लॅटच्या आतल्या मॉड्युलर किचनपेक्षा आधी पाहाव्यात. विश्रामबागेतला फ्लॅट घेताना मीही बिल्डरला हेच विचारले. त्याने न कुरकुरता पॅनेलची जागा दाखवली आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी कुठे तुंबते तेही सांगितले, यामुळे माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला.

कागदावर पुराचा उल्लेख अगदीच नसतो असे नाही, पण तो असतो तिथे घर घेणारा पोचत नाही. पाटबंधारे खात्याने नदीकाठच्या शहरांसाठी पूररेषा आखलेल्या आहेत. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध मानले जाते. निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते पुराच्या पातळीच्या वर घेण्यासारख्या अटींवर परवानगी मिळते. प्लॉट घेणाऱ्याने महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढताना आपला सर्व्हे नंबर या रेषांच्या संदर्भात कुठे येतो, हे लेखी मागावे. सोळा वर्षांच्या आत तीन मोठे पूर पाहिलेल्या शहरात "पंचवीस वर्षांतून एकदा" या हिशेबावर किती विसंबायचे, हा प्रश्न मला पडतो. रेषा ही किमान खबरदारी समजावी आणि गल्लीचा आकडा तिच्याहून अधिक प्रमाण मानावा, असे माझे मत आहे.

गुंठेवारीचा विषय याच पट्ट्यात येतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे एकेक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकलेल्या वसाहती सांगलीत अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सखल जागी आहेत, कारण स्वस्त जमीन तीच होती. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यांतले अनेक भूखंड नियमित करून घेता येतात. पण नियमितीकरणाचा दाखला नसलेल्या घराला बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून तिथले व्यवहार रोखीने, उसनवारीने, स्टॅम्पपेपरवरच्या नोटरी करारावर होतात. नोटरी केलेल्या कागदाने मालकी येत नाही, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच. शिक्षक, एसटीतले कर्मचारी, हमाल, रिक्षाचालक अशा माणसांनी आयुष्यभराची पुंजी घालून ही घरे बांधली आहेत, आणि पाणीही सर्वांत आधी त्यांच्याच दारात येते. घरबाजाराबद्दल लिहिणारे बहुतेक जण या वस्त्यांना "धोकादायक गुंतवणूक" म्हणून एका ओळीत निकालात काढतात, ते मला मान्य नाही. तिथे राहणाऱ्यांना दुसरी जागा परवडणारी नव्हती.

बाकीच्या कागदांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती थोडक्यात लिहितो. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची शेवटची पावती, सोसायटी किंवा अपार्टमेंटचा ना हरकत दाखला हे सर्व स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावे. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याची नोंदणी पाहावी, आणि किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करार होईपर्यंत देऊ नये, कारण त्याहून जास्त मागण्याचा बिल्डरला अधिकारच नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून शेजारच्या मिळकतींचे इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढता येतात आणि त्यांवर व्यवहाराची नोंदलेली रक्कम दिसते. दलाल सांगतो तो भाव आणि ही रक्कम यांत पुष्कळ अंतर असेल, तर एक तर दलाल फुगवून सांगतो आहे किंवा त्या व्यवहारात रोख रक्कम फिरली आहे, आणि दोन्ही गोष्टी आपल्याला आधी कळलेल्या बऱ्या.

पैशाचा हिशेब मात्र सविस्तर मांडतो, कारण पहिल्यांदा घर घेणारी कुटुंबे इथेच अडचणीत येतात. समजा, पन्नास लाखांचा तयार फ्लॅट आहे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह साधारण सहा टक्के, म्हणजे तीन लाख. खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळून अडीच लाख. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. मध्यस्थाची दलाली एक टक्का धरली तरी ५०,०००. या रकमेच्या घराला बँक जास्तीत जास्त ऐंशी टक्के कर्ज देते आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे चाळीस लाख कर्ज मिळाले, तरी हातात सुमारे चौदा लाख हवेत. त्यात रंगकाम नाही, फर्निचर नाही, वकिलाची फी नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत हाच फ्लॅट घेतला तर पाच टक्के जीएसटी वेगळा. शिवाय किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तो भरायचा असतो. पुष्कळांना हे खरेदीपत्राच्या आदल्या दिवशी कळते आणि मग दोन्हीकडच्या मंडळींत विनाकारण वाद होतो.

आता विकण्याबद्दल. आमचे घर वडिलांच्या नावावर होते. ते गेल्यानंतर आई, मी, भाऊ आणि पुण्यात असलेली ताई अशा चौघांची वारस म्हणून नोंद झाली. "ताईकडून हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे सह्या कमी लागतील," असा सल्ला आम्हाला सहजपणे देण्यात आला. असा सल्ला आपल्याकडे दर दुसऱ्या घरात दिला जातो. बहिणीचा हिस्सा ही तिच्या मर्जीची बाब आहे. सह्या कमी लागाव्यात म्हणून तिने तो सोडावा, ही अपेक्षा मला पटणारी नव्हती. ताई खरेदीपत्राच्या दिवशी पुण्याहून आली, तिने सही केली आणि तिचा हिस्सा धनादेशाने तिच्या खात्यात गेला.

भाव ठरवताना मात्र खरी कसोटी लागली. ज्या मध्यस्थाकडे आम्ही घर दिले होते, त्याचे म्हणणे होते की खालच्या भिंतींचे प्लॅस्टर नव्याने करून घ्या, चांगला रंग द्या आणि पाण्याबद्दल कोणी विचारले तरच "एकदा आलं होतं, सगळ्या शहरातच आलं होतं" एवढेच सांगा. तो वाईट माणूस नव्हता. बाजारात जे चालते तेच तो सांगत होता. आम्ही आईला विचारले. २०१९ साली तिने या घरातून एका पिशवीत कागदपत्रे आणि देव घेऊन बाहेर पाऊल टाकले होते. ती म्हणाली, "येणाऱ्या बाईला माहीत नको का, सामान किती उंचावर ठेवायचं ते?" त्यानंतर आमच्यात या विषयावर चर्चा झाली नाही. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तिन्ही पुरांची पातळी भिंतीवर हात ठेवून दाखवली आणि आमचा बावन्नचा आकडा सांगितला. काही जण तिथूनच परतले. काहींनी भाव इतका पाडून मागितला की आम्हीच नको म्हटले. एकाने आमच्या भावाला होकार दिला, पण निम्मी रक्कम रोख देण्याच्या अटीवर. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि तसे नसते तरी चार वारसांत रोख रक्कम वाटून घेणे म्हणजे पुढच्या पिढीसाठी भांडण पेरून ठेवणे, म्हणून आम्ही नकार दिला.

अखेर घर घेतले ते बाजारपेठेत दुकान असलेल्या एका कुटुंबाने. त्यांना दुकानाजवळ घर हवे होते, पाण्याची कल्पना त्यांना आमच्याइतकीच होती, आणि खाली गोदामाऐवजी मोकळी जागा ठेवून राहण्याची सोय वर करायची हे त्यांनी आधीच ठरवले होते. आम्हाला मिळालेला भाव मध्यस्थाच्या अपेक्षेपेक्षा कमी होता, हे खरे. पण त्या भावात घराबद्दलचे सगळे खरे सामावलेले होते, आणि पुढे कधी पुलाचा आकडा बावन्नच्या वर गेला तरी त्या कुटुंबाला रस्त्यात भेटताना मला मान खाली घालावी लागणार नाही.

खरेदीपत्राचा मसुदा तयार होत असताना मी वकिलांना एक कलम घालायला सांगितले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने शोधता न येणारा मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायला हवा. पुराचे पाणी हा असा दोष मानायचा की नाही, यावर वकिलांत दोन मते होऊ शकतात. शहरभर पाणी आले होते हे सर्वांना ठाऊक आहे, असा युक्तिवाद करता येतो. पण शहरात पाणी आले होते आणि या घराच्या भिंतीला ते साडेपाच फुटांपर्यंत लागले होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आम्ही दस्तात लिहिले: "सदर मिळकतीच्या तळमजल्यात कृष्णा नदीच्या महापुराचे पाणी सन २००५, २०१९ व २०२१ मध्ये आलेले असून सन २०१९ मध्ये त्याची उंची जमिनीपासून सुमारे साडेपाच फूट इतकी होती, ही बाब लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना समक्ष दाखवून सांगितली आहे व ती समजून घेऊनच लिहून घेणार यांनी सदर मिळकत खरेदी केली आहे." दुय्यम निबंधक कार्यालयात या कलमावर कोणी हरकत घेतली नाही. त्यामुळे घेणाऱ्याला खरी माहिती मिळाली आणि विकणाऱ्याला पुढच्या तक्रारीपासून संरक्षण मिळाले. पुढे कधी हे घर पुन्हा विकले गेले, तर जुना दस्त तपासणाऱ्या वकिलाला हा इतिहास आपोआप सापडेल. हा मजकूर कोणालाही आपल्या दस्तात वापरता येईल.

वडिलोपार्जित घर विकणाऱ्यांनी कराचा हिशेब आधी करून ठेवावा. २००१ पूर्वीच्या मिळकतीसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य आधार म्हणून धरता येते, आणि ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावे. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीसाठी, त्यापूर्वी घेतलेल्या मिळकतीवर निवासी भारतीयांना महागाई निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह वीस टक्के यांतला कमी पडणारा पर्याय मिळतो. झालेल्या भांडवली नफ्यातून ठरावीक मुदतीत दुसरे राहते घर घेतले, तर त्या प्रमाणात सूटही मिळते. मला तिचा उपयोग झाला.

आणि विमा. गृहकर्जाबरोबर जो विमा दिला जातो तो बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो, हे माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षित माणसांना पूर येईपर्यंत कळले नव्हते. २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी मिळते आणि तिच्यात पुराचा समावेश आहे. सखल भागात घर असणाऱ्याने ती घ्यावीच. वरच्या मजल्यावरच्यानेही घ्यावी.

माझी महापालिकेकडे एक मागणी आहे आणि ती मी लेखी दिली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नुकसानभरपाईसाठी घरोघरी पंचनामे झाले. कोणत्या घरात पाणी शिरले, याची नोंद त्यामुळे सरकारी कागदांत आधीच आहे. ती नोंद मालमत्ता क्रमांकाला जोडावी, आणि घरपट्टीच्या बिलावर, निदान मालमत्ता हस्तांतराच्या उताऱ्यावर, "पूरबाधित: वर्ष अमुक, पुलाची पातळी अमुक" अशी एक ओळ छापावी. याने सखल भागातल्या घरांचे भाव पडतील असा आक्षेप मला ऐकवण्यात आला आहे. काही घरांचे पडतीलही. पण ते भाव आजही पडतातच. फरक एवढाच की आज तोटा त्याला सोसावा लागतो ज्याला घर घेताना माहिती नव्हती, आणि तो बहुतेक वेळा गावात नवा आलेला, कर्ज काढून घर घेणारा माणूस असतो. रेडी रेकनरच्या (मिळकतींच्या सरकारी दरपत्रकाच्या) एकाच मूल्य विभागात पाणी येणारी आणि न येणारी गल्ली शेजारी शेजारी असू शकते आणि दोघांना मुद्रांक शुल्कासाठी एकच दर लागतो. ही ओळ बिलावर आली तर तो दर वेगळा ठेवण्यासाठीही आधार मिळेल. कोल्हापूर, इचलकरंजी, कराड, चिपळूण या पुराच्या गावांतही हेच करता येण्यासारखे आहे.

ज्यांना आपल्या घराचा आकडा माहीत आहे, त्यांनी तो तूर्त स्वतःच लिहून ठेवावा. कोणत्या वर्षी, पुलावर किती फूट असताना, जोत्यापासून किती उंचीपर्यंत पाणी आले, आणि ते किती दिवसांनी ओसरले, एवढ्या चार गोष्टी घराच्या कागदांच्या फाइलीत असाव्यात. घर विकायचे नसेल तरी असाव्यात, कारण मुले पुण्यात आणि बंगळुरात आहेत, आणि उद्या हे घर त्यांनाच विकावे लागणार आहे.